बेलियनच्या खांबांखाली

आपल्या बिर्याणीतली दालचिनी आणि तमालपत्र ज्या कुळातले, त्याच कुळातले एक झाड इंडोनेशियात मशिदींचे खांब होऊन उभे आहे. ते पाहायला आम्ही पश्चिम कालिमंतानमधल्या पोन्तियानाकला गेलो. विषुववृत्तावरचे हे शहर १७७१ मध्ये शरीफ अब्दुर्रहमान अलकाद्री यांनी वसवले. त्यांचे वडील येमेनमधल्या हद्रमौतहून आलेले.

गावाच्या धक्क्यावरून छोट्या होडीने कापुआस नदी ओलांडली की पलीकडे सुलतानांच्या नावाची जामा मशीद लागते. काठ दलदलीचा, म्हणून सारी इमारत खांबांवर उचललेली. वुजू करून आत गेलो. पायांखाली लाकडी फळ्या, समोर कवेत न मावणारे खांब. हे लाकूड बेलियनचे. कालिमंतानात इतर ठिकाणी त्यालाच उलिन म्हणतात. पाण्यात टाकले तर तरंगत नाही, बुडते. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि ओलीतही ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शेजारचा कादरिया राजवाडा याच लाकडाचा. विषुववृत्त स्मारकाचे मूळ खांबही याचेच.

असरच्या नमाजनंतर आम्ही टेकून बसलो असता आमच्यातल्या धाकटीने विचारले, “हा खांब बदलायचा झाला तर?”

प्रश्न साधा, उत्तर अवघड. जंगलात बेलियनचे खोड वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होते, पुष्कळदा त्याहून कमी. म्हणजे असा खांब द्यायला झाडाला कित्येक शतके लागतात. पोन्तियानाक वसण्याच्या फार आधीच ही झाडे रुजलेली होती. बी मोठे आणि जड, त्यामुळे ते आईच्या पायाशीच पडते, फार दूर जात नाही. माणसाने मात्र करवत चालवताना घाई केली. घरे, धक्के, पूल, छपराच्या फळ्या, सगळ्यांना हेच लाकूड हवे होते. आज ही जात जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांत गणली जाते.

सदका-ए-जारिया म्हटले की आपल्याला विहीर, मदरसा, मशीद आठवते. बेलियनचे रोप लावणाऱ्याचा खांब त्याच्या पणतवंडांनाही दिसणार नाही. तरी ते लावायला हवे. आणि जी झाडे आज जंगलात उभी आहेत, ती आपल्याआधीच्या कोणीही लावलेली नाहीत. ती अमानत आहे, मोडून खायची मिळकत नव्हे.