पॅरिसमध्ये मोजलेल्या पायऱ्या

पॅरिसला जातेय म्हटल्यावर मैत्रिणींनी परफ्युम्सची यादी दिली, आईने मेतकुटाची पिशवी दिली आणि बाबांनी फक्त एक प्रश्न दिला. ‘साहित्य शिकायला परदेशात कशाला? पुस्तकं इथे मिळत नाहीत?’

उत्तर नव्हतं. एज्युकेशन लोन मात्र सँक्शन झालं होतं!

मास कॉमची डिग्री, चार वर्षं फ्रीलान्सिंग आणि पुण्यातल्या क्लासमध्ये घासूनपुसून लेव्हल बी-टूपर्यंत नेलेलं फ्रेंच, एवढ्या भांडवलावर मी तौलनिक साहित्याच्या कोर्सला निघाले होते. डोक्यात चित्र अगदी पक्कं होतं. कॅफेतलं कोपऱ्यातलं टेबल, बाहेर पाऊस, समोर वही आणि मी कादंबरी लिहितेय. इंग्रजीत, अर्थात!

पहिल्याच रविवारी ७४, रू द्यु कार्दिनाल ल्मवान गाठलं. १९२२ च्या जानेवारीत बावीस वर्षांचा हेमिंग्वे बायकोला घेऊन इथे राहायला आला. आज दारावर पाटी आहे, तिच्यासमोर टुरिस्ट फोटो काढतात. पण आत काय होतं माहितीये? दोन खोल्या, गरम पाणी नाही आणि संडास जिन्यात, कॉमन. मला हसूच आलं. हे तर आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासारखंच!

मग ही मंडळी इथे आली तरी का? प्रेरणा वगैरे ठीक आहे हो, पण मुख्य म्हणजे परवडत होतं. पहिल्या महायुद्धाआधी डॉलरला पाचेक फ्रँक मिळायचे, १९२५ मध्ये वीसहून जास्त. आपलं गणित बरोब्बर उलटं. २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांची फी वाढलीय. माझी खोली नऊ चौरस मीटरची. कायद्याने याहून लहान खोली भाड्याने देताच येत नाही, म्हणून नऊ!

पण शहर गरीब विद्यार्थ्याला सांभाळून घेतं. पॅन्थिऑनसमोरचं सेंत-जनव्हिएव्ह ग्रंथालय फुकटात कार्ड देतं. उंच लोखंडी कमानींखालच्या या हॉलमध्ये विशीतला जेम्स जॉइसही वाचत बसायचा. नदीकाठचं ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ तर मस्टच. मूळ दुकान मात्र हे नव्हे बरं का! ते सिल्व्हिया बीचचं. तिने १९१९ मध्ये सुरू केलं, जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ मध्ये स्वतः छापली आणि जर्मन अमलात, १९४१ मध्ये बंद केलं. आताचं दुकान जॉर्ज व्हिटमनने १९५१ मध्ये थाटलं आणि १९६४ मध्ये त्याला ते जुनं नाव दिलं. होतकरू लेखकांना पुस्तकांच्या कपाटांमध्ये झोपायला जागा मिळते. भाडं? दुकानात थोडं काम करायचं, रोज एक पुस्तक वाचायचं आणि स्वतःवर एक पान लिहायचं.

तिथे एका पावसाळी दुपारी मी माझं पान लिहून बघितलं. जमलं नाही. इंग्रजी वाक्यं छान होती, पण त्यात मी कुठेच नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गात आमच्या मॅडमनी विचारलं, ‘हे सगळे इथे आले, पण त्यांनी लिहिलं कशावर?’ आम्ही यादी करायला बसलो. हेमिंग्वे प्लास सँ-मिशेलच्या कॅफेत बसून मिशिगनची गोष्ट लिहीत होता. जॉइसने पॅरिसमध्ये पूर्ण केला तो डब्लिनमधला एक दिवस. १९४८ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन आलेला चोवीस वर्षांचा जेम्स बाल्डविन कॅफे द फ्लोरच्या वरच्या मजल्यावर बसून हार्लेम लिहीत होता. पॅरिसमध्ये बसून सगळे घरच लिहीत होते!

आणि माझं घर? जानेवारीत आईने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. जेसीबी आमच्या वाड्याचा जिना पाडत होता.

खरं सांगू? रीडेव्हलपमेंटसाठी सगळ्यात जास्त भांडले होते ती मीच. कॉलेजच्या मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची. ‘पाडा एकदाचा!’ असं मी बाबांच्या तोंडावर म्हटलं होतं. त्यांनी मुकाट सही केली. तेव्हापासून आमचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘पैसे आहेत का’ एवढ्यावर आलं होतं.

व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. मग वही काढली, आणि आपसूक मराठीत लिहायला लागले. दिंडी दरवाजा, हौद, जोशीकाकूंचा रेडिओ... आणि जिन्यापाशी अडकले. पायऱ्या किती होत्या?

जॉइसही असाच अडला होता. १९२१ मध्ये त्याने पॅरिसहून डब्लिनच्या मामीला पत्र टाकलं. ७, एक्ल्स स्ट्रीटच्या रेलिंगवरून साधासुधा माणूस न लागता खाली उतरू शकेल का? अख्खं शहर डोक्यात असलेल्या माणसालासुद्धा घरी विचारावं लागलं!

मी फोन लावला. पुण्यात रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

‘बाबा, जिन्याला पायऱ्या किती होत्या?’

बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

‘अठरा. पण सातवी तुटकी होती. तू तिच्यावरून उडी मारायचीस, म्हणून तुझ्या हिशेबात कायम सतराच.’

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर वाड्याचा नकाशा काढून त्याचा फोटो पाठवला. हौदापाशी टीप होती, ‘इथे तू दोनदा पडलीस.’

परत येऊन वर्ष झालं. कादंबरी चालू आहे, मराठीत. बाबा दर रविवारी चुका काढतात.

लोनचे हप्तेही चालू आहेत!