पिशवी

गेल्या दिवाळीत कारेगावला माहेरी गेले होते. भाऊबीज झाली, पाहुणे पांगले आणि त्याच रात्री अडीचच्या सुमाराला मी घामाने निथळत जागी झाले. बाहेर चांगली थंडी पडलेली, शेजारी भाची दुलईत गुरगुटून झोपलेली आणि मी मात्र भट्टीतून काढल्यासारखी! आधी छातीत एक कळ न सांगता येणारी धडधड, मग मान, गाल, कान लालबुंद, मग घाम, आणि पाच मिनिटांनी त्याच घामाने हुडहुडी. गेलं दीड वर्ष हे चाललंय. वय वर्षं 49, त्यामुळे कारण ठाऊक आहे. ठाऊक असल्याने घाम काही कमी येत नाही म्हणा...

उठून ओट्यावर जाऊन बसले. कारेगाव आता रात्रीसुद्धा झोपत नाही. मी लहान असताना इथे बाजरी, कांदा आणि पावसाची वाट, एवढंच होतं. नव्वदच्या दशकात शेजारी रांजणगावची एमआयडीसी आली आणि गावाचं रूपच पालटलं. ज्वारीच्या पट्टीत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. रात्रपाळीच्या बसगाड्या नगर रस्त्यावरून जात होत्या. त्यांच्याकडे बघत पदराने वारा घेत बसले, तर आतून आई आली. वय 74, काठी टेकत. म्हणाली, "काय गं, झोप नाही का येत?"

म्हटलं, "पाळी जायच्या वेळचं चाललंय आई. अंगातनं वाफा निघतात नुसत्या."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझी चालूच हाय अजून? माझी तर कधीच पिशवी काढली."

पिशवी! आमच्याकडे गर्भाशयाला कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. बाजारातून येताना भाजी आणली, ती रिकामी झाली, आता खुंटीला कशाला अडकवून ठेवायची, अशा सुरात. मी मनात मोजलं. आई, दोन चुलत्या, एक मावशी. एका घरात चार पिशव्या, आणि चारही चाळिशीच्या आत काढलेल्या.

हा विषय निघायला त्या दिवाळीत एक कारणही होतं. माझ्या धाकट्या भावाची बायको, वय 41, सहा-सात महिने अंगावरून जाण्याने हैराण झाली होती. पाळी दहा-दहा दिवस टिकायची. चेहरा पांढराफटक, जिना चढताना दम. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी केली, गाठ आहे म्हणाले आणि वर, "मुलं झालीत ना? मग काढून टाका, पुढे कॅन्सर-बिन्सरची भानगड नको." 'कॅन्सर' हा शब्द ऐकल्यावर घरात कोण काय बोलणार? भावाने रजेचा अर्ज टाकला, पैशाची जुळवाजुळव झाली, तारीखसुद्धा ठरली. आणि सगळ्यात जोरात 'हो' कुणाचं, तर आईचं. "काढून टाक गं बाई, कटकट जाती. मी नाय का काढली? काय झालं मला?"

दुपारी यावरून माझं आणि आईचं वाजलं होतं. मी म्हणत होते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आई म्हणत होती, तू शिकलीस म्हणून सगळ्यांना शहाणपण शिकवू नकोस. भावजय बिचारी दोघींच्या मधे फाइल धरून बसली होती.

आता रात्री ओट्यावर दोघीच होतो. मी सहज विचारलं, "आई, काढल्यावर खरंच तुला काही झालं नाही?"

आणि मग आई बोलायला लागली. 1987 साल. ती 36 वर्षांची, मी 12 वर्षांची. शेळ्या विकून ऑपरेशन केलेलं. टाके सुकले, आणि महिना-दीड महिन्यात अंगाला आग लागायला सुरुवात झाली. ऐन थंडीत ती शहाबादी फरशीवर काही न अंथरता झोपायची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दिवसा विनाकारण रडू यायचं, नाही तर संताप. "मला वाटायचं मला येड लागतंय. कुणाला सांगायचं? तुझे वडील म्हणायचे, हिला काहीतरी बाहेरचं झालंय. दोन ठिकाणी अंगारा आणला."

मी ऐकत होते आणि माझ्या पोटात कालवाकालव होत होती. कारण ते वर्ष मलाही पक्कं आठवत होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्या वर्षी आईने माझं ताट भिरकावलं होतं. भाकरी करपली म्हणून पाठीत धपाटा घातला होता, आणि मग स्वतःच चुलीपाशी बसून हमसून रडली होती. वेणी घालून द्यायची बंद झाली. जवळ गेलं की "लांब सर, अंगाला अंग लावू नको" म्हणायची. बारा वर्षांच्या पोरीने याचा एकच अर्थ लावला. आईला मी नकोशी झालेय. पुढच्या वर्षी पुण्याला आत्याकडे शिकायला जायची गोष्ट निघाली, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. एकदाही मागे वळून न बघता एसटीत बसले होते. आई रस्त्यापर्यंत आली होती, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं.

सदतीस वर्षं हे माझ्या मनात एका कोपऱ्यात पडून होतं.

मग मी आईला जमेल तसं समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना अंडाशयं असतात. बाईचं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथे तयार होतं. वयाप्रमाणे ते हळूहळू कमी होत जातं, पाळी मागेपुढे होते, आणि सलग 12 महिने आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात. आपल्याकडे हे साधारण 46-47 च्या आसपास होतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन घटलं की ते केंद्र थोडं बावचळतं आणि जराशा उष्णतेलाही 'तापलं, तापलं' म्हणून घाम काढायला लावतं. माझं हे सगळं पायरी-पायरीने चाललंय. पण ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तो जिना उतरणं राहत नाही, गच्चीवरून उडीच. अंडाशयं ठेवली तरी कित्येकींचा मेनोपॉज काही वर्षं आधी येतो. आईचं नेमकं काय काय काढलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. कागद एकही नाही. पण महिन्या-दीड महिन्यात सुरू झालेली ती आग बरंच काही सांगते.

आणि गोष्ट आगीवर थांबत नाही. इस्ट्रोजेन हाडांनाही जपतं. ते इतक्या लवकर गेलं की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. 2016 साली आई न्हाणीघरात नुसती घसरली आणि खुबा मोडला. तेव्हापासून ही काठी. आम्ही सगळे म्हणालो, फरशी ओली होती.

आईने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. रात्रपाळीची आणखी एक बस गेली. मग म्हणाली, "म्हंजे ते माझ्या सभावातलं नव्हतं तर."

मला काही बोलताच आलं नाही. नुसता तिचा हात धरून बसले. या वेळी तिने "लांब सर" म्हटलं नाही.

हे माझ्याच घरचं म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही. आमच्या शिरूर-दौंडकडे घोड आणि भीमेच्या काठाला ऊस आहे. हंगामात मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशा ठिकाणी पाळी म्हणजे खाड्याची भीती. ना आडोसा, ना पाणी. जून 2019 मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितलं की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहातली एक! लहानपणी शाळेतून येताना या कोप्या दिसायच्या. आत कोण काय सोसतंय, हा विचार कधी मनाला शिवला नाही. पुढे 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना बजावलं की विनाकारण गर्भाशय काढणं थांबवण्यासाठी केंद्राने आखून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या बायकांबद्दल होती. म्हणजे पिशवी सगळीकडे खुंटीलाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आईनेच भावाला सांगितलं, "तारीख पुढं ढकल. हिला आधी पुण्याला दाखव."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.8. थायरॉइड तपासलं, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सरचं काही निघालं नाही. गाठ होती ती फायब्रॉइडची, लहान. चाळिशीतल्या पुष्कळ बायकांना ती असते. त्यांनी लोह दिलं आणि कॉपर-टीसारखं दिसणारं, पण हार्मोन सोडणारं एक साधन आत बसवलं. सगळं लगेच छान छान झालं असं मुळीच नाही. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग पडत राहिले, आणि एकदा तर भावजयीने मला फोन करून "काढली असती तर बरं झालं असतं" असं ऐकवलं. माझी झोप उडाली, उगाच नाक खुपसलं असं वाटलं. आता पाळी नावापुरती येते आणि हिमोग्लोबिन 11 च्या वर गेलंय.

ऑपरेशन वाईटच असं मला म्हणायचं नाही. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, बाकी सगळे उपाय थकले असतील, तर तेच योग्य. पण ते का, काय काय काढणार, अंडाशयं ठेवणार का, दुसरा उपाय आहे का, एवढं विचारायलाच हवं आणि कागद जपून ठेवायला हवेत. आणि आणखी एक, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, तर 'गरम पडलं असेल' म्हणत बसायचं नाही. लगेच दाखवायचं.

माझं म्हणाल तर, मीही शेवटी डॉक्टरांकडे गेले. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं तरी भीती वाटायची. 2002 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवल्यापासून जगभरच्या बायकांना ती बसलीय. पण आता तज्ज्ञ सांगतात की साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर खूप त्रास होणाऱ्या बाईला त्यांचा धोक्यापेक्षा फायदा जास्त असू शकतो. मी अजून ठरवलेलं नाही. तोवर चालणं, थोडं वजन उचलणं, नाचणी, तीळ आणि उशाशी एक छोटा पंखा. नवऱ्याला कारण सांगून ठेवलंय. त्यामुळे रात्री पंखा सुरू झाला की तो निमूटपणे पांघरूण ओढून घेतो :)

असो. परवा पुन्हा कारेगावला गेले होते. आमच्या खोलीत भाड्याने राहणारी एक बाई, लातूरकडची, ओट्यावर आईपाशी बसून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी चहा घेऊन बाहेर आले तर आईचं वाक्य कानावर पडलं.

"घाई करू नको. आधी त्यांना इचार, नुसती पिशवी काढणार का सगळंच? आन् कागद घे हातात."