आठ फुटी विंचू आणि आपल्या तालुक्यातले दगड

कालपासून आठ फुटी विंचवाचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. चौघांनी मला विचारलं, "दादा, खरं का हे?" फोटो बनावट आहे, पण प्राणी खरा होता.

नाव जेकेलॉप्टेरस. जर्मनीत प्र्यूमजवळच्या एका खदानीत त्याचा तोंडाजवळचा चिमटा सापडला. नांगी नव्हे, चिमटा. तो एकटाच ४६ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. त्यावरून २००७ साली शास्त्रज्ञांनी लांबी काढली, अडीच मीटर. म्हणजे हाती चिमटा, बाकी हिशोब. काळ सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. 'समुद्री विंचू' म्हणतात, पण तो खरा विंचू नाही, विंचवाचा लांबचा नातेवाईक. राहायचा पाण्यात.

जमिनीवरचा खरा मोठा विंचू स्कॉटलंडचा, पल्मोनोस्कॉर्पिअस. सव्वादोन फुटांचा, ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. तो मिळाला ईस्ट कर्कटनच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खदानीत. ही जागा १९८४ मध्ये पुन्हा उजेडात आणली स्टॅन वूड यांनी. ते प्राध्यापक नव्हते, आधी जहाजावर नोकरी, मग विमा विकायचे. त्या खदानीचे दगड गावातल्या कुंपणाच्या भिंतींत लागले होते, त्यात त्यांना जीवाश्म दिसले. शेकडो लोक रोज त्याच भिंतींवरून जात असतील! आज ती जागा संरक्षित आहे.

आता आपलं बघा. आपल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा. तिथे डायनोसॉरच्या लेंड्यांचे दगड सापडतात. हसू नका. त्याच लेंड्यांत गवताचे सूक्ष्म अंश मिळाले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. 'सायन्स'मध्ये छापून आलं ते. आठ फुटी विंचू फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

अशा जागांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा काढला. तो कायदा झाल्याची बातमी लिहायची वेळ काही माझ्यावर आलेली नाही. गिट्टीचे क्रशर मात्र चालूच आहेत, आणि क्रशरला लेंडी कळत नाही, हाडही कळत नाही.

खाणपट्ट्याचा पुढचा अर्ज आला की तिथे जीवाश्म आहेत का हे कुणी पाहिलं, एवढं मी तहसीलमध्ये विचारणार आहे. तोवर नांगरताना वेगळा दगड निघाला तर घरी नेऊ नका. जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहा आणि मला पाठवा.