छातीचं वय

थंडीत पाचोडची पहाट धुरानंच उजाडते. चुलीचा धूर, शेकोटीचा धूर, महामार्गावरून बीडकडे निघालेल्या ट्रकांचा धूर. आणि या सगळ्यांच्या खाली, पारावर टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या ओठांतून सुटणारा बिडीचा निळसर धूर, जो मोसंबीच्या बागांवर साचलेल्या धुक्यात असा मिसळून जातो की धुकं कुठं संपलं आणि माणसाचा श्वास कुठं सुरू झाला, हे डोळ्यांना उमगत नाही.

उमगतं ते खोकल्यानं.

आमच्या आप्पांची बिडी हा एक सोहळाच असायचा. कट्ट्यातून एक काढायची, कानाशी धरून दोन बोटांत हलकेच चोळायची, पान किती वाळलंय ते ऐकायचं, मग ओठांशी नेऊन आधी एक फुंकर मारायची. काडी नंतर. आतली भुकटी उडून जावी म्हणून मारलेल्या त्या फुंकरीत एके काळी असा जोर होता, की समोर बसलेलं आम्हां पोरांपैकी कुणी तरी डोळे चोळत उठायचं. वर्षं सरली तशी फुंकर हळू झाली. बैलांमागं दिवसभर चालणारे आप्पा मळ्यातून घरी येताना बांधावर थांबू लागले, पिकाकडं बघत उभे राहू लागले. आम्हांला वाटायचं, पीक बघतात. ते दम घेत असायचे.

त्यांचं वय कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. मराठवाड्यात त्या पिढीचं वय पंचांगात नसतं, संकटांत असतं: रझाकाराच्या वक्ताला रांगत होतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. कागदावर कुणी तरी अंदाजानं एक साल टाकलेलं आणि जन्मतारीख हटकून १ जून. अशा माणसाला शहरातल्या दवाखान्यात एका यंत्रासमोर बसवलं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. "बाबा, छाती भरून घ्या... अजून घ्या... आता सोडा, जोरात, सोडा, सोडा, सोडा, थांबू नका!" तपासणाऱ्या पोरीचा आवाज चढत गेला, आप्पांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि पडद्यावर एक रेघ ताडकन वर चढून लगेच आत खचली. निरोगी छाती पहिल्या एका सेकंदातच आतली बहुतेक हवा बाहेर टाकते. आप्पांची हवा दाराशी अडून बसली होती.

डॉक्टरांनी लिटर, टक्के काही सांगितलं नाही. म्हणाले, "बाबा, तुमच्या छातीचं वय ऐंशीच्या पुढं गेलंय."

आप्पा बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझा बाप गेला तवा एवढाच व्हता."

श्वास मोजायची ही हौस जुनी आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर उलटं तरंगणारं एक पात्र लोकांच्या फुंकरीनं उचलायला लावलं, आणि दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मापून ठेवला. पण मापलेला श्वास ज्याचा त्याला परत कसा सांगायचा? १९८५ मध्ये संशोधकांनी एक साधी वाट काढली: उंची आणि पहिल्या सेकंदाची हवा यांवरून फुप्फुसाचं वय मांडायचं. पुढं इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात पस्तिशी ओलांडलेल्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची तपासणी झाली. सोडा, असं सर्वांनाच सांगितलं. निम्म्यांना नुसता लिटरमधला आकडा कळवला, निम्म्यांना चित्र दाखवून छातीचं वय सांगितलं. वर्षभरानं लाळ आणि श्वास तपासून खात्री केली, तर आकडा मिळालेल्यांतल्या ६.४ टक्क्यांनी धूम्रपान सोडलं होतं आणि वय कळलेल्यांतल्या १३.६ टक्क्यांनी. २००८ साली हे छापून आलं. सगळ्याच अभ्यासांनी एवढा स्पष्ट कौल दिलेला नाही. तरी त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे: ज्यांची छाती अधिक म्हातारी निघाली, तेच जास्त सोडते झाले असं घडलं नाही. ज्यांची छाती वयाला शोभेशी निघाली, त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडली.

म्हणजे भीतीनं नव्हे.

मग कशानं? मला वाटतं, कुणी तरी आपल्याशी आपल्याबद्दल बोललं म्हणून. पाकिटावरचं भेसूर चित्र दुसऱ्याचं असतं, रेघ मात्र आपली असते. आपल्याच पोटातून, आपल्याच बरगड्या दाबून निघालेली, बापाच्या सहीसारखी अस्सल. तिला खोटं म्हणता येत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा जळाल्या, तेव्हा आप्पांनी वाळलेल्या फांद्या निर्दयपणे छाटून टँकरच्या पाण्यावर उरलेलं खोड जगवलं होतं. गेलेली फांदी परत आली नाही; राहिलेली मात्र तगली. फुप्फुसाचं गणितही तेच. फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या कामगारांना आठ वर्षं तपासून १९७७ मध्ये दाखवलं, की धुरानं नेलेला श्वास फारसा परत येत नाही, पण धूर थांबला की पुढची झीज न ओढणाऱ्या माणसासारखी मंदावते. पन्नाशीत सोडा, साठीत सोडा, उरलेलं वाचतं.

आप्पांची बिडी त्या दिवशी सुटली नाही. कट्टा कोनाड्यात गेला, पुन्हा खिशात आला, सुनेच्या हातून चुलीत गेला, टपरीवरून परत आला. महिने गेले. सुटली ती हळूहळू, कुरकुरत. दम पूर्ण गेला नाही, पण नातवाला शाळेपर्यंत पोचवून यायची ताकद उरली. एवढं पुरे झालं.

तुमच्या घरात कुणी ओढत असेल, तर त्याला रागावू नका. भाषणही देऊ नका. डॉक्टरांकडं न्या, ही फुंकायची तपासणी करा म्हणा, आणि निकाल लिटरमध्ये नको, वयात सांगा म्हणून आग्रह धरा. छाती म्हातारी निघाली तरी सोडायची, तरणी निघाली तरी सोडायची. सोडताना आधार लागला, तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.