विरलेला चुना

इयत्ता सातवीत गेलेले दोन गुण मनुष्याने सत्तरी उलटेपर्यंत मनात जपून ठेवावेत, हे कोणाला क्षुद्रपणाचे वाटेल. परंतु ‘कळीचा चुना पाण्यात विरणे हा भौतिक बदल की रासायनिक?’ या प्रश्नाच्या माझ्या उत्तरावर सहामाही परीक्षेत ओढलेली तांबडी फुली मला अद्यापि विसरता आलेली नाही.

वडील गवंडी होते, एवढे सांगितले म्हणजे घाणी, भट्टी आणि मजुरी यांचा निराळा विस्तार नको. खड्ड्यात कळी टाकून तीवर बेताचे पाणी शिंपले की प्रथम काहीच घडत नसे. ते पांढुरके, टणक खडे पाणी पिऊन स्वस्थ पडून राहत. मग एखाद्या खड्याला बारीक चीर जाई, आतून चर्र असा आवाज निघे, आणि पाहता पाहता सगळा खड्डा रटरटू लागून वाफेचे लोट उठत. “लांब हो पोरा, डोळ्यांत उडंल!” म्हणून वडील मला मागे सारीत. जवळपास विस्तवाचा निखारा नसताना पाणी उकळते आणि निवल्यावर दगडाच्या जागी मऊ, फुगलेली फक्की उरते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने ‘रासायनिक’ यावाचून दुसरे काय लिहावे?

गुरुजींचा शेरा होता : ‘पाण्यात विरघळणे हा भौतिक बदल.’ मी पेपर घेऊन गेलो, तेव्हा ते म्हणाले, “साखर विरते, मीठ विरते, तसाच चुना विरतो.” साखरेने पाणी उकळत नाही, असे मी म्हणालो मात्र, उलट उत्तर दिल्याबद्दल मला तास संपेपर्यंत बाकावर उभे करण्यात आले. मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली, तर त्यांनी उत्तर न वाचताच गुरुजींचा निकाल कायम केला. रात्री वडिलांना सांगितले. त्यांनी चुन्याने फुटलेली बोटे दिव्यापुढे धरली आणि विचारले, “साखरेनं हे होतं का रं?”

पुढे कॉलेजात कळले की 56 ग्रॅम कळी 18 ग्रॅम पाणी गिळते आणि 74 ग्रॅमचा एक निराळाच पदार्थ होऊन बसते. मिठागरातले पाणी उन्हाने आटते व मीठ जसेच्या तसे हाती येते. चुन्याने गिळलेले पाणी सोडवायला मात्र भट्टीचाच ताव लागतो. आणि ज्यात मूळ पदार्थ परत मिळत नाही तोच बदल रासायनिक, ही पुस्तकी कसोटीही चुन्यापुढे टिकत नाही. कारण भिंतीला लागलेला चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो, म्हणजे भट्टीत गेलेला दगड भिंतीवर परत येतो, आणि तरीही या फेऱ्यातला प्रत्येक टप्पा रासायनिकच असतो. शिक्षकांनी हा धडा शिकवण्यापूर्वी एकदा तरी कळीचा खडा, मुलांना लांब उभे करून, त्यांच्यादेखत विरवून दाखवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पण मीही पुढे शिक्षकच झालो. कल्हईवाल्याच्या भांड्यातून उठणारा नवसागराचा पांढरा धूर म्हणजे निव्वळ संप्लवन, अर्थात भौतिक बदल, असे मी कित्येक वर्षे शिकवले व त्याप्रमाणेच पेपर तपासले. वस्तुतः तापलेल्या नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंडाव्यात येताच ते पुन्हा संयोग पावतात. माझ्या पुस्तकात हे नव्हते. त्या गुरुजींच्या हाती तरी काय होते? साखर विरते आणि चुनाही विरतो, म्हणून दोन्हींना एकच क्रियापद लावणारी भाषाच त्यांना चकवून गेली असेल. ते दोन गुण मी केव्हाच सोडून दिले, असे मी घरी सांगत असतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्या बाकावरून दिसणाऱ्या चाळीस माना आणि मागच्या भिंतीवरचा, बहुधा माझ्याच वडिलांनी लावलेला, चुन्याचा गिलावा मला अजून स्पष्ट दिसतो.