रेडीचा तांबडा किनारा

गोदाकांठच्या काळ्या जमिनींत वाढलेल्या आम्हां पुणतांबेकरांस माती इतकी तांबडी असते हें आंबोलीचा घाट उतरेपर्यंत खरें वाटत नाहीं. सावंतवाडीहून शिरोड्यास व तेथून रेडीस जावें, तों तो रंग अधिकच गडद होत जातो. कारण या डोंगरांत लोखंड आहे. लाखों पावसाळ्यांनीं खडकांतील विरघळणारे भाग वाहून नेले. लोह तेवढें मागें राहिलें.

गांव जुनें. चालुक्य मंगलेशानें जिंकलेलें रेवतीद्वीप तें हेंच, असें विद्वान् मानतात. त्या विजयाचा उल्लेख 634 सालच्या ऐहोळ्याच्या शिलालेखांत आहे. खाडीजवळच्या यशवंतगडाचा ताबा 1819 मध्यें इंग्रजांनीं घेतला. पुढें त्याच्या तटांस वडांच्या मुळ्यांनीं विळखा घातला, आणि खरें सांगावयाचें तर त्या इंग्रजांहून चिवट ठरल्या.

एकीकडे वाळूची पुळण व समुद्रांत उतरलेले कडे, तर दुसरीकडे खणून पायऱ्या पाडलेला डोंगर, असें हें स्थळ आहे. सहलीस आलेला मनुष्य बहुधा पुळणीचीं छायाचित्रें काढून परततो आणि खाणींकडे पाठ फिरवितो. हें मला रुचत नाहीं. ज्या द्विभुज गणपतीच्या दर्शनास आपण जातों, ती मूर्ति 1976 सालीं खाणींतच सांपडली. येथील खनिज बंदरांतून परदेशीं गेलें, आणि त्याची मजुरी पुष्कळ घरांत आली. परंतु त्याच ढिगांवरचा गाळ पावसांत भाताच्या खाचरांत उतरला, तर त्या शेतकऱ्याचें पीक कोणी भरून द्यावयाचें? जुन्या खड्ड्यांत पाणी सांचून तळीं होतात. वरून तीं सुंदर दिसतात. मुलांस मात्र जवळ जाऊं देऊं नये, कांठ एकदम तुटलेला असतो.

इटलीजवळच्या एल्बा बेटावर इट्रुस्कन लोकांच्या काळापासून लोखंड निघत असे. तेथील खाणी 1981 सालीं बंद पडल्या. पुढें त्या प्रवाशांस पाहावयास खुल्या झाल्या व खनिजांचें संग्रहालयहि झालें. समुद्रस्नानास आलेले लोक तेथें दगड पाहण्यांतहि रमतात. रेडीस असें कांहीं करावयाचें झाल्यास, ज्यांनीं उमेदींत येथें घमेलीं उचललीं त्यांनाच वाटाडे करावें. त्यांच्याइतका तो डोंगर दुसऱ्या कोणाला ठाऊक?

जावयाचें तर पावसाळा सरल्यावर. मुक्काम शिरोड्यास करावा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तें गांव हेंच. तेरेखोलचा किल्लाहि जवळच आहे. खाडीच्या अलीकडे असूनहि तो गोव्याचा. पांढरे कपडे मात्र घरींच ठेवावे.