काटा वर चढतो तेव्हा

पातूर मागे पडलं की अकोल्याकडून येणारा रस्ता डोंगर चढू लागतो. वर मेडशी, मग मालेगाव आणि पुढे वाशीम. अकोल्यापेक्षा वाशीम अंदाजे अडीचशे मीटर उंच. चैत्रात इथल्या सागाला पान नसतं, सावली नसते आणि पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. अशा दुपारी वळणावर कडेला लागलेली जुनी डिझेल व्हॅन हमखास दिसते. चाकामागे दगड, वाफेचा भपकारा, आणि बाटल्या घेऊन पाणी शोधत निघालेली माणसं.

या गाड्यांवर माझा जीव आहे. आमच्याकडे अशा कुठल्याही गाडीला लोक मॅटाडोरच म्हणतात. बजाज टेम्पोची मॅटाडोर बनायची थांबली, त्या कंपनीचं नाव 2005 साली फोर्स मोटर्स झालं, तरी आमच्या बोलण्यातून ती गेली नाही. डायमलर-बेन्झच्या परवान्यावर इथे बनलेलं 2.4 लिटरचं चार सिलिंडरी डिझेल इंजिन ऐंशीच्या दशकापासून तिच्यात आणि तिच्या भावंडांत बसत आलं. वरातीचं सामान, कांद्याच्या गोण्या, शाळेची पोरं, बाळंतपणाला अडलेली बाई, या गाड्यांनी काय काय वाहिलं नाही! म्हणून त्यातली एखादी घाटात धापा टाकत उभी दिसली की मला पुढे जाववत नाही.

मंगरुळपीरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे बसायची मला सवय आहे. तापलेली गाडी दारात आली की ते आधी पान्याला हात लावत नाहीत. ड्रायव्हरला विचारतात, "गाडी तापून रायली हे मले दिसतेच भाऊ. कवा तापते थे सांगा." माझ्या मते निदान तिथंच अर्धं होतं. बाजारातल्या गर्दीत रांगत असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो? मग पट्टा ढिला आहे किंवा पंखा नीट ओढत नाही, कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, रांगणाऱ्या गाडीला पंख्यावाचून तो मिळत नाही. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढून सलग वेग धरला की तापते? मग खालचा होज पाइप दाबून बघा. आत मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीनं चपटा होतो आणि पाण्याची वाट आवळतो. सकाळी सुरू केल्याबरोबर पाचेक मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो आणि रेडिएटरमधून बुडबुडे येतात? मग हेड गॅसकेट उडालंय, सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. काटा वर आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप मात्र थंड? थर्मोस्टॅट अडकलाय. आणि सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी भरल्या मालानं घाट चढतानाच तापत असेल, तर रेडिएटर भरत आलाय. बाहेरून किंवा आतून.

बाहेरून भरतो तो आमच्या शेतांमुळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्हाभर सोयाबीनची मळणी चालते. हवेत भुसा तरंगत असतो, रस्त्यांवर धूळ असते. गाडी ते सगळं ओढून घेते. इंजिनाच्या तेलाचा बारीक ओलावा त्यावर बसला की जाळीच्या पापुद्र्यांत काळा लगदा थापला जातो. समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर लगदा आणखी आत जातो आणि पापुद्रे वाकतात. इंजिनाच्या बाजूनं, बेताच्या धारेनं, सावकाश धुवायचं. एवढ्यानं निम्म्या गाड्या ताळ्यावर येतात, असं मिस्त्री सांगतात.

आतून भरतो तो पाण्यामुळे. हा जिल्हा पाण्याच्या दृष्टीनं विलक्षण आहे. इथल्या डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पुढे तापीतून अरबी समुद्रात जाते. रिसोड-वाशीमकडची पैनगंगा पूर्वेची वाट धरते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला पोचतं. एकाच पठारावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. पण रेडिएटरमध्ये जातं ते नदीचं पाणी नव्हे, ढाब्यामागच्या बोअरचं. ते काळ्या खडकातून येताना चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भरलेलं पाणी तर त्याहून खारं, धातू खाणारं. पाणी तापलं की विरघळलेला चुना बाहेर पडून नळ्यांच्या आतल्या अंगाला चिकटतो, न्हाणीघरातल्या बंबाला आतून धरतो तसा. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतो. तिच्या जागी आपण पुन्हा बोअरचंच पाणी ओततो, म्हणजे पुन्हा नवा क्षार. होज पाइपच्या क्लिपमधून थेंब-थेंब गळणारी गाडी म्हणूनच जास्त धोक्याची. पाणी कमी पडतं एवढंच आपल्याला दिसतं, पण रोजच्या भरतीबरोबर आत चुन्याचा थर चढत असतो.

असा एक रेडिएटर मी उघडताना पाहिलाय. कारागिरानं गॅसच्या आचेवर झाळ सोडवून वरची टाकी अलगद उचलली. खाली चपट्या नळ्यांच्या रांगा होत्या. काही काळ्याभोर आणि मोकळ्या. बाकीच्यांची तोंडं पांढरट-तांबूस, खडूच्या भुकटीसारख्या थरानं बुजलेली. त्यानं पोलादाची पातळ पट्टी एकेका नळीत घालून मागेपुढे सरकवायला सुरुवात केली. पट्टी कुठे सहज जायची, कुठे अडायची. अडली की तो जोर लावत नसे. थोडी मागे घ्यायचा, नळीत पाणी सोडायचा आणि परत घालायचा. खालून चुना बाहेर पडून जमिनीवर साचत होता. याला गॅरेजात रॉडिंग म्हणतात. नवीन रेडिएटरच टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात; पण तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असा मोकळा करता येतो, आणि जो कारागीर तो करतो त्याची मजुरी कुरकुर न करता द्यावी.

एका उपायाचा मात्र मला मनापासून राग आहे. उन्हाळा आला की गॅरेजवाला थर्मोस्टॅटच काढून टाकतो. साधारण ऐंशी अंशांना उघडणारी ही झडप डिझेलला हवी ती ऊब राखते. ती काढली की इंजिन नेहमी थंडगार चालतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि झीज वाढते. आणि भरलेल्या रेडिएटरचं दुखणं तसंच राहतं. थर्मोस्टॅट अडकलेला असेल तर नवा बसवा. जुना-नवा तपासायचा तर भांड्यातल्या पाण्यात सोडून आचेवर ठेवा, उघडताना डोळ्यांनी दिसतो.

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा भर उन्हाळ्यात येते. मानोऱ्याकडे जाणारे रस्ते बंजारा कुटुंबांनी भरलेल्या गाड्यांनी गजबजतात, आणि त्यांत जुन्या गाड्या खूप असतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर यात्रेच्या आठवडाभर आधी जाळी धुऊन घ्या, पट्टा बघा, पाइप दाबून बघा, आतलं गढूळ पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. आणि घाटात काटा चढलाच तर एसी असेल तो बंद करा, गाडी कडेला घ्या, माणसं सावलीत बसवा. झाकणाला हात लावू नका. ते दाब धरून असतं म्हणूनच आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की त्याची क्षणात वाफ होते आणि तोंड-हात भाजून काढते. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबा. यात्रा तासाभरानं उशिरा पोचली तरी चालते.